मोटारसायकलीचा जीर्णोद्धार आणि दोन अमेरिकन ग्रंथ

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत मोटारसायकलीचा विषय निघालेला पाहून कांहीं वाचक बिचकतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु विषय वाङ्मयाचाच आहे. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंत दोन ग्रंथ असे निघाले कीं, ज्यांत हें यंत्र दुरुस्त करण्याची क्रिया तत्त्वचिंतनाचें निमित्त झाली आहे. पहिला रॉबर्ट पिरसिग यांचा ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ (१९७४) आणि दुसरा मॅथ्यू क्रॉफर्ड यांचा ‘शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट’ (२००९). आमच्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या कुटुंबांत पहिल्याची प्रत हटकून सांपडते. ती किती जणांनीं शेवटपर्यंत वाचली, हा प्रश्न मात्र विचारूं नये.

या ग्रंथांची स्तुति पुष्कळ झाली आहे. आम्हांला त्यांना निराळी कसोटी लावून पाहावयाची आहे. आज पुण्यास, कोल्हापुरास, नाशकास कितीतरी घरांच्या पडवींत किंवा जिन्याखालीं एखादी जावा, राजदूत नाहीं तर बुलेट वर्षानुवर्षें धूळ खात पडलेली असते, आणि एके दिवशीं घरांतील कोणी तरी तिला पुन्हां चालती करण्याचा उद्योग आरंभितो. हा उद्योग खरोखर हातीं घेतला असतां हे दोन ग्रंथ कोठपर्यंत सोबत करतात आणि कोठें हात सोडतात, एवढाच प्रश्न आहे.

पिरसिग यांचा ग्रंथ प्रवासवर्णनाच्या रूपाचा. एक बाप आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागें बसवून मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोस निघतो. प्रत्यक्ष प्रवास १९६८ सालच्या उन्हाळ्यांतला. अर्ध्या वाटेपर्यंत जॉन व सिल्व्हिया हें जोडपें दुसऱ्या मोटारसायकलीवर बरोबर असतें. जॉनची गाडी जर्मन, बीएमडब्ल्यू, आणि ती बिघडूं शकते हा विचारसुद्धां त्याला सहन होत नाहीं. एकदां तिचें हँडल ढिलें पडतें. निवेदक सुचवितो कीं, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती कापून आंत सरकवावी. पत्रा मऊ आहे, गंजत नाहीं, या कामाला याहून चांगली वस्तु नाहीं. जॉनला हा आपल्या उंची गाडीचा अपमान वाटतो. हा प्रसंग ग्रंथांतील सर्वांत विनोदी, आणि लेखकाच्या सिद्धान्ताच्या दृष्टीनें सर्वांत बोलका आहे. एकाला वस्तूचें कार्य दिसतें, दुसऱ्याला तिचें रूप. आणि आधुनिक जीवनाचें सारें दुखणें या दोन दृष्टि फुटून निघाल्यामुळें जडलें आहे, असें पिरसिग यांचें म्हणणें.

ग्रंथाचा उत्तम भाग कोणता, असें विचारल्यास आम्ही अडकलेल्या स्क्रूचें प्रकरण सांगूं. इंजिनाच्या बाजूचें झांकण काढावयाचें आहे, आणि त्याचा एक क्षुद्र स्क्रू निघत नाहीं. जोर केला तों त्याची खांचच उडून जाते. कालपर्यंत ज्याची किंमत दमडीची नव्हती, त्या स्क्रूची किंमत या क्षणीं सबंध गाडीइतकी झालेली असते. पुस्तकी ज्ञान येथें थिजतें. या थिजण्याला घाबरूं नये, ज्ञान खरें सुरू होतें तें याच जागेपासून, असें पिरसिग सांगतात; आणि गंजलेल्या गाडीपुढें ज्यानें एक संध्याकाळ घालविली आहे, त्याला यांतील एक अक्षरहि खोटें वाटणार नाहीं. उत्साह गळून पडण्याच्या ज्या तऱ्हा त्यांनीं वर्णिल्या आहेत, त्यांचेंहि तसेंच.

परंतु दोष लहान नाहींत. जॉन व सिल्व्हिया हीं माणसें म्हणून उभीं राहत नाहींत. निवेदकाच्या व्याख्यानाला विरोधी पक्ष हवा म्हणून त्यांना प्रवासाला आणलेलें आहे. व्याख्यानेंहि फार. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें मुख्य उणीव ही कीं, पिरसिग यांच्या यंत्राला भूतकाळ नाहीं. त्यांची गाडी (ग्रंथांत तिचें नांव नाहीं, ती होंडाच्या ‘सुपर हॉक’ जातीची, ३०५ घन सेंटिमीटरची होती) निवेदकानेंच सांभाळलेली, त्याच्या हाताला सरावलेली आणि रोज चालणारी आहे. मोटारसायकल म्हणजे पोलादांत उतरविलेली कल्पनांची व्यवस्था, असें ते मानतात. कल्पना गंजत नाहीं. तिला कोणी बारा वर्षांपूर्वीं भलताच बोल्ट ठोकून ठेवलेला नसतो. त्या चकतीचाच प्रसंग पाहा. निवेदकाला कार्य दिसलें, जॉनला कारखान्याची अब्रू दिसली. पण चाळीस वर्षांनीं तेंच हँडल उघडणाऱ्या मनुष्याला हातांत आलेला तो बिअरचा पत्रा काय सांगेल, हा विचार दोघांनाहि शिवत नाहीं. देखभाल करणाराला तो शिवण्याचें कारण नाहीं. जीर्णोद्धार करणाराचा मात्र सारा व्यवहार अशाच चकत्यांशीं असतो.

क्रॉफर्ड यांच्याकडे वळलें म्हणजे हवा बदलते. हे गृहस्थ शिकागो विद्यापीठाचे राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानांतले डॉक्टर. वॉशिंग्टनमधील एका विचारसंस्थेंतील चांगल्या पगाराची जागा सोडून त्यांनीं व्हर्जिनियांत रिचमंड येथें मोटारसायकली दुरुस्त करण्याचें दुकान काढलें. त्यांच्या गद्यांत पिरसिग यांची धुंदी नाहीं, पण हाताला लागलेलें तेल आहे. पिरसिग यांनीं रंगविलेले निष्काळजी मेकॅनिक (रेडिओ लावून, छिन्नी-हातोडा चालवून, पंचवीस सेंटांच्या एका तुटक्या पिनेकडे न पाहतां सबंध इंजिन बिघडविणारे) क्रॉफर्ड पुन्हां पुढें आणून तपासतात आणि त्यांचा दोष अज्ञानाचा नसून लक्ष न देण्याचा आहे, म्हणजे नैतिक आहे, असें दाखवितात. शिवाय त्यांच्या ग्रंथांत एक पडून राहिलेली गाडी खरोखरच येते. १९८३ सालची होंडा मॅग्ना. क्लचची यंत्रणा जाम झालेली. ती उकलतां उकलतां एका ऑइल सीलाच्या गळतीपाशीं त्यांचें कुतूहल असें जागें होतें कीं, मूळ कारण शोधून काढल्यावांचून त्यांना राहवत नाहीं; आणि मग ध्यानांत येतें कीं, हा शोध आपला आहे, पैसे मात्र गिऱ्हाइकाचे आहेत. जुन्या गाडीवर तिच्या किंमतीबाहेर किती वेळ घालवावा? कारागिराचें कुतूहल कोठें संपतें आणि स्वार्थ कोठें सुरू होतो? या पृष्ठांइतकी प्रामाणिक पृष्ठें पिरसिग यांच्या ग्रंथांत आम्हांला आढळलीं नाहींत.

तथापि क्रॉफर्ड यांचें स्थान दुकानांत आहे. गाडी परक्याची, ती चालूं लागली, बिल झालें, कीं ती दाराबाहेर जाते. घरांतल्या गाडीचें तसें नसतें. तिच्यापुढें प्रश्न उभा राहतो तो असा: हिला पुन्हां चालती करावयाची, म्हणजे कोणत्या दिवसासारखी करावयाची? कारखान्यांतून निघाली त्या दिवसासारखी? शेवटची चालली त्या दिवसासारखी? कीं आज दिसते तशीच ठेवून फक्त इंजिनांत जीव घालावयाचा? या प्रश्नाला दोन्ही ग्रंथांत उत्तर नाहीं. कारण तेथें तो निघतच नाहीं.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आमच्या घरीं १९६७ सालची एक जावा आहे. जावा हें नांव चेक कारखानदार यानेचेक आणि जर्मन ‘वान्डरर’ या दोन नांवांचीं पहिलीं अक्षरें जोडून १९२९ सालीं झालें. इराणी कुटुंबानें म्हैसूरास काढलेल्या आयडियल जावा कारखान्यांतून ती १९६१ पासून निघूं लागली, १९७३ च्या सुमारास तिचें नांव ‘येझ्दि’ झालें, आणि १९९६ सालीं तो कारखानाच बंद पडला. सिलिंडर एक, २४९ घन सेंटिमीटर, पण धूर सोडणाऱ्या नळ्या दोन; आणि किकचा व गिअरचा दांडा एकच. उभा केला कीं किक, पुढें पाडला कीं गिअर. ज्यानें ही युक्ति प्रथम पाहिली तो हसल्याशिवाय राहिला नाहीं, आणि ज्याला ती संवयीची झाली त्याला दुसरी गाडी अडाणी वाटूं लागली.

ही गाडी आमच्या थोरल्या काकांची. ते गुरांचे डॉक्टर होते आणि सातारा जिल्ह्यांतील खेड्यांतून तिच्यावर हिंडत. औषधांची पेटी बसावी म्हणून त्यांनीं एका लोहाराकडून डाव्या बाजूस लोखंडी चौकट जोडून घेतली होती. तिला कारखान्याच्या गाडीची शोभा मुळींच नाहीं. १९८९ नंतर गाडी कोणी चालविली नाहीं. पत्र्याच्या छपराखालीं ती तीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. काकांच्या नातवानें, जो इंजिनिअरिंग शिकतो, ती बाहेर काढली, आणि आम्ही विजेची बत्ती धरण्याचें काम पत्करलें.

इंजिन जाम झालें होतें. म्हणजे पिस्टन सिलिंडरांत गंजून चिकटला होता. हेड काढून सिलिंडरांत डिझेल भरून ठेवावें, चार-सहा दिवस वाट पाहावी, मग लांकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानें ठोकावें, असा हा मामला. लोखंडी हातोडा थेट मारणारा मनुष्य पिरसिग यांच्या मेकॅनिकांचा सख्खा भाऊ समजावा. पिस्टन सुटल्यावर सिलिंडर लेथवर अंमळ मोठा करून घ्यावा लागला आणि त्याला वरच्या मापाचा पिस्टन बसला. क्रँकच्या दोन्ही टोकांचीं रबरी सीलें लांकडासारखीं कडक झालीं होतीं. दोन-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आधीं क्रँकच्या कोठडींत शिरतें आणि मग वर जातें. सील गळकें असलें कीं बाहेरची हवा आंत ओढली जाते, मिश्रण पातळ होतें, पिस्टन तापतो आणि पुन्हां चिकटतो. तेव्हां सीलें नवीं घालावींच लागतात, आणि आतां तर आपल्याकडील पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळें जुनें रबर त्यांत टिकतहि नाहीं. येथें मूळ आणि नवें असा वाद घालणें हास्यास्पद होय. सीलें, टायर, चेन, केबली हीं पोथीच्या दोऱ्यासारखीं आहेत. दोरा बदलल्यानें पोथी बदलत नाहीं.

वाद सुरू होतो तो पुढें. गाडीवर कार्बुरेटर होता तो जावाचा नव्हताच. मूळचा बिघडला असावा आणि त्या काळीं मिळाला नसावा, म्हणून कोणा मिस्त्रीनें दुसऱ्याच जातीच्या गाडीचा बसविला होता. मागचा दिवा स्कूटरचा. टाकीवरचा मूळचा तांबडा रंग वरच्या अंगास, जेथें काकांची कातडी पिशवी रुळत असे तेथें, पत्र्यापर्यंत झिजलेला. आणि ती चौकट. एक रंगारी पाहून म्हणाला, “साहेब, शोरूममधून निघाल्यासारखी करून देतों. हें लोखंड तेवढें कापून टाकूं, अन् टाकीवर कोऱ्या सोनेरी रेघा मारूं.” मुलाचा कल त्याच्याकडे होता. “काका, कंपनीच्या पुस्तकांत ही चौकट कोठें आहे?” असा त्याचा प्रश्न, आणि प्रश्न अगदीं रास्त होता. काकू ऐंशींच्या पुढच्या. त्या आंतून एवढेंच म्हणाल्या, “अरे, पेटी नसली तर ती यांची गाडी कशी रे?”

हा वाद, वाचकहो, आपल्या वाङ्मयाला नवा नाहीं. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत तीनशें वर्षांत पाठभेदांचें रान माजलें, तेव्हां शके १५०६ मध्यें एकनाथांनीं प्रति जुळवून ती शुद्ध केली, आणि पुढें कोणी स्वतःची ओवी तींत घालूं नये, असें बजावून ठेवलें. स्वतः एवढा मोठा कवि. एखादी ओवी जोडणें त्यांना काय कठीण होतें? पण संपादक म्हणून त्यांनीं आपला हात आवरला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति पाहा. प्रक्षिप्त ठरलेला भाग संहितेंतून निघाला. पण तो फेंकून दिलेला नाहीं. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो जसाच्या तसा ठेवला आहे, कीं उद्यांच्या अभ्यासकाला संपादकाचा निर्णय तपासतां यावा. जीर्णोद्धार करणारा हा असा संपादक आहे. त्याच्या हस्तलिखित प्रति म्हणजे त्याच सालच्या वांचलेल्या इतर गाड्या. कारखान्याचें सुट्या भागांचें पुस्तक ही त्याची सूचि. आणि पुण्याच्या जुन्या बाजारांत भंगाराच्या ढिगांतून मूळचा दिवा शोधणें, हें दुर्मिळ पोथी शोधण्याहून निराळें नाहीं, हात मात्र जरा अधिक काळे होतात.

युरोपांत हा वाद इमारतींच्या निमित्तानें झाला. फ्रान्समध्यें व्हियोले-ल-द्युक यांनीं स्पष्टच लिहिलें कीं, जीर्णोद्धार म्हणजे इमारतीला अशा पूर्णावस्थेस नेणें, जी कदाचित् कोणत्याहि काळीं अस्तित्वांत नव्हती. आणि कारकासोनच्या तटबंदीवर त्यांनीं त्याप्रमाणें केलें. उलट रस्किन यांनीं १८४९ सालींच अशा जीर्णोद्धाराला विध्वंसाची परमावधि म्हटलें होतें, आणि त्यांच्या प्रेरणेनें विल्यम मॉरिस यांनीं १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली. रस्किन यांचा उपदेश अक्षरशः पाळला तर पिस्टनला हातहि लावतां येणार नाहीं, कारण इमारत पडकी असली तरी इमारत असते. न चालणारी मोटारसायकल मात्र भंगार असते. पण आज जुन्या गाड्या नव्या करून देणाऱ्या कारखान्यांतून जें बाहेर पडतें, त्याला ल-द्युक यांचाच वारा लागलेला आहे. १९६७ सालीं म्हैसुरांतून एकहि जावा इतक्या आरशासारख्या क्रोमची निघाली नसेल. ही गाडी जुनी नव्हे. जुन्या गाडीविषयीं आजच्या मनुष्याला पडलेलें स्वप्न आहे.

गंमत अशी कीं, सरकारलाहि या वादांत उतरावें लागलें आहे. २०२१ सालीं मोटार-वाहनांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं निराळी नोंदणी निघाली. नंबरांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. गाडी नित्याच्या वापराला नव्हे, तर प्रदर्शनास, रॅलीस, संशोधनास अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणावयाची. आणि अट ही कीं, ती मूळ स्वरूपांत राखलेली व मोठा फेरफार न झालेली असावी. मूळ स्वरूप म्हणजे काय, हें ठरविण्याचें काम परिवहन-कार्यालयाच्या अंगावर पडेल असें आमच्या पाठचिकित्सकांना स्वप्नांतहि वाटलें नसेल.

आमच्या घरीं निकाल असा झाला. परका कार्बुरेटर निघाला आणि मूळ जातीचा यिकोव मिळवून बसविला, दिवाहि बदलला. काढलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधून, वर तारीख घालून, त्या एका लांकडी पेटींत ठेविल्या आहेत. हें आमचें परिशिष्ट. टाकीला आंतून गंज काढून घेतला, बाहेरून नुसतें मेण लावलें. चौकट राहिली. ज्या वस्तु नाइलाजानें आल्या त्या अपपाठ. जी चौकट धन्यानें विचारपूर्वक जोडून घेतली आणि वीस वर्षें वापरली, ती प्रक्षेप म्हणतां येत नाहीं, असा आमचा युक्तिवाद. मुलाला तो अद्यापि पटलेला नाहीं. कारखाना हाच गाडीचा ग्रंथकार, बाकीचे सारे लेखनिक, असें तो म्हणतो. आणि या पक्षाला बळ नाहीं असें कोणी समजूं नये.

आतां पिरसिग यांच्या ग्रंथाकडे पुन्हां वळावें. गाडीपुरता जीर्णोद्धाराचा प्रश्न त्यांच्या ध्यानीं येत नाहीं. पण ज्या मनुष्याच्या तोंडून कथा येते, त्याच्यापुरता तो ग्रंथाच्या पानोपानीं आहे. प्रवासांत मधून मधून ‘फीड्रस’ नांवाच्या एका माणसाची हकीकत येते: एक तल्लख, एकाकी, विचारानें पछाडलेला अध्यापक. तो वेडा ठरतो, आणि न्यायालयाच्या हुकमानें विजेचे झटके देऊन त्याचें व्यक्तित्व पुसून टाकण्यांत येतें. निवेदक म्हणजे त्याच शरीरांत नव्यानें उभा केलेला मनुष्य. शांत, समंजस, समाजांत वावरण्यास योग्य. रुग्णालयानें शोरूममधून काढल्यासारखा करून दिलेला. जुन्या संहितेचे तुकडे तेवढे त्याच्याजवळ उरले आहेत, आणि टिपणें, आठवणी, ओळखीच्या जागा यांवरून तो त्या पुसलेल्या माणसाचा पाठ जुळवीत चालला आहे. समीक्षकांनीं ग्रंथांतील ‘गुण’ या कल्पनेची चर्चा भरपूर केली. ही संपादकाची धडपड मात्र तिच्याखालीं झांकून गेली. आमच्या मतें ग्रंथ टिकला तो हिच्यामुळें. गाडीविषयींचीं व्याख्यानें गाळलीं तरी हें दुःख उरेल.

आणि ही दुरुस्ती खोटी आहे हें ओळखणारा प्रवासांत एकच आहे: मागें बसलेला ख्रिस. तो चिडतो, रडतो, पोट दुखतें म्हणतो. त्याला हा समंजस बाप नको आहे, आधींचा हवा आहे. ज्याला जगानें दोष म्हणून काढून टाकलें, तोच मुलाच्या लेखीं मूळ पाठ. अखेरीस तो विचारतो कीं, तुम्ही खरोखर वेडे होतां काय, आणि बाप नाहीं म्हणतो, तेव्हां मुलगा सांगतो कीं, हें त्याला ठाऊकच होतें. हा ख्रिस पुढें १९७९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत मारेकऱ्यांच्या हातून मेला, आणि नंतरच्या आवृत्तींत पिरसिग यांना तें लिहावें लागलें. तें पुरवणीप्रकरण वाचल्यावर शेवटचीं पानें पूर्वींसारखीं वाचतां येत नाहींत. त्या पानांत दोघांनींहि डोक्यावरचीं शिरस्त्राणें काढलेलीं असतात, आणि मुलगा पाय ठेवण्याच्या दांड्यांवर उभा राहून बापाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहतो. तोंपर्यंत सबंध प्रवासांत त्याला समोर बापाची पाठ तेवढी दिसत होती.